हजारो देहांचं एक मन

शेजारच्या गावात गेल्या आठवड्यात इमारतीच्या सज्जाखालचं आग्या मोहोळ रात्री टेंभा लावून जाळलं. सकाळी खाली माश्यांचा सडा पडला होता. ‘माश्याच तर होत्या,’ असं लोक म्हणत होते. मी सातेरी माश्यांच्या पेट्या सांभाळतो. माझ्या मते तिथे विचार करणारा एक जीव मेला.

पेटीतली वसाहत फुटली की जुनी राणी माश्यांचा मोठा थवा घेऊन बाहेर पडते आणि फांदीला घड लटकतो. नवं घर कुठे करायचं, हे राणी ठरवत नाही. शोधक माश्या ढोल्या पाहून येतात आणि घडावर नाचून जागेची दिशा नि अंतर सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर म्यूनिकमध्ये संशोधक मार्टिन लिंडाऊर असे थवे तासन्‌तास न्याहाळत. नाचणाऱ्या काही माश्यांच्या अंगावर परागाऐवजी काजळी आणि विटांची लाल धूळ होती. बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या शहरातली भोकं नि धुराडी धुंडाळून त्या आल्या होत्या.

अमेरिकेतले संशोधक टॉमस सीली यांनी सहकाऱ्यांसह 2012 साली दाखवलं, की एका जागेची शोधक माशी दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्याने ढुशी देते, बारीक आवाज काढते आणि तिचा नाच थांबवते. आपल्या मेंदूतही एका पर्यायाच्या पेशी दुसऱ्या पर्यायाच्या पेशींना अशाच दाबतात. बहुतेक माश्यांनी एकच जागा पाहिलेली असते. मग चार जागांची तुलना केली कुणी? थव्याने!

सुखदुःखाशिवाय मन कसलं, असं कुणी विचारेल. थव्याला वेदना होते का, हा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. पण मेंदूतल्या एकट्या पेशीलाही काही कळत नसतं. पेशी कवटीत बसल्या तर मन आणि पंख लावून उडाल्या तर नुसती गर्दी, हा न्याय मला पटत नाही.

आग्या माश्याही मुक्काम हलवण्याआधी नाचतात. शाळेजवळचं, दवाखान्याजवळचं मोहोळ हलवावंच लागतं, आणि जाणकार माणूस ते धूर देऊन, न जाळता हलवतो. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरात आहे. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी त्यांच्याकडून प्रशिक्षित माणसांची नावं घ्यावीत, ती दर्शनी फलकावर लावावीत आणि टेंभ्यावर बंदी घालावी.