कंपनी आपली, मग हिशेब कुणाकडे?

मागच्या महिन्यात वर्गात सरांनी सहज विचारलं, "तुमच्यापैकी किती जण कंपनीचे मालक आहात?" सगळे हसले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्याकडं साधं डिमॅट अकाउंट पण नाही." सर म्हणाले, "घरी लाइट बिल येतं ना? मग आहात."

तेव्हा जोक वाटला. नंतर वहीत सोलापुरातल्या सरकारी कंपन्यांची यादी करायला बसले, तेव्हा कळलं की आपला अर्धा दिवस यांच्याच भरवशावर चालतो. वीज महावितरणची. ती तयार करणारा एक प्रकल्प दक्षिण सोलापुरात फताटेवाडीजवळ, एनटीपीसीचा, 660 मेगावॉटचे दोन संच. पार्क स्टेडियमचं काम आणि उजनीहून येणारी समांतर जलवाहिनी ज्या योजनेतून झाली, तिच्यासाठीही वेगळी कंपनी: सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड, म्हणजे आपली 'स्मार्ट सिटी'. शिवाय वेगवेगळ्या समाजघटकांसाठीची महामंडळं. त्यातली बरीचशी कागदोपत्री चक्क कंपन्याच आहेत.

सगळ्यांत पैसा पब्लिकचा. पण हिशेब मागायची सोय सगळीकडे सारखी नाही. खरा मुद्दा इथंच आहे.

तीन कंपन्या, तीन पहारेकरी

एनटीपीसी शेअर बाजारात नोंदलेली आहे. निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा केंद्र सरकारचा, बाकीचा गुंतवणूकदारांचा. सेबीच्या नियमानुसार तिला तिमाही संपल्यावर 45 दिवसांत निकाल जाहीर करावा लागतो, वर्षाचा निकाल 60 दिवसांत. उशीर झाला की बाजार ओरडतो.

महावितरण 2005 मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन तयार झाली. ती बाजारात नाही. पण तिला दर वाढवायचा असेल तर राज्य वीज नियामक आयोगापुढे खर्चाचा हिशेब मांडावा लागतो, आणि त्यावर ग्राहक हरकती नोंदवू शकतात. इथं पहारेकरी आयोग आहे.

आता स्मार्ट सिटी कंपनी आणि महामंडळं बघा. यांच्याकडं ना शेअर बाजार, ना दर ठरवणारा आयोग. स्पर्धा नाही, त्यामुळे ग्राहक दुसरीकडे जाईल ही भीतीही नाही. यांच्यावर नजर ठेवायला उरतात कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, आणि विधिमंडळ.

कायदा काय म्हणतो?

कायदा वाचला तर वाटतं, व्यवस्था एकदम टाइट आहे. कंपनी कायदा 2013 नुसार सरकारी कंपनीचा ऑडिटर कंपनी स्वतः निवडत नाही, कॅग नेमतं. त्याचा रिपोर्ट आल्यावर कॅगला 60 दिवसांत पूरक तपासणी करता येते. आर्थिक वर्ष मार्चला संपलं की सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा. तिच्यानंतर तीन महिन्यांत वार्षिक अहवाल तयार करायचा आणि मग लवकरात लवकर विधिमंडळापुढे ठेवायचा. पुढे विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारू शकते.

म्हणजे मार्चचा हिशेब त्याच डिसेंबरपर्यंत तयार हवा. पण या साखळीची पहिली कडी कंपनीच्याच हातात आहे. तिनं हिशेबच लिहिला नाही तर? मग ऑडिट कशाचं करणार? ऑडिट नाही तर अहवाल नाही, आणि अहवाल नाही तर आमदार तरी काय विचारणार?

कॅगच्या महाराष्ट्रावरच्या अहवालांत हिशेब थकलेल्या उपक्रमांचा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यात समाजकल्याणाची महामंडळंही असतात. वार्षिक विवरणपत्र उशिरा भरलं तर दिवसाला 100 रुपये जादा फी आहे. पण सरकारी कंपनी ती फी भरणार कुठून? आपल्याच पैशातून.

मोहोळपर्यंत आलेलं प्रकरण

हे सगळं कोरडं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं एक प्रकरण आठवा. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ 1985 मध्ये मातंग समाज आणि त्याच्या पोटजातींसाठी स्थापन झालं. छोट्या धंद्याला कर्ज, प्रशिक्षण, असं त्याचं काम. 2015 मध्ये या महामंडळात 300 कोटींहून जास्त रकमेचा अपहार झाल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महामंडळाचे माजी अध्यक्ष आणि मोहोळचे तेव्हाचे आमदार रमेश कदम यांना सीआयडीने अटक केली. 2023 मध्ये ते जामिनावर बाहेर आले. दोष कुणाचा, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे.

आपला प्रश्न वेगळा आहे. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल शंका यायला पोलिसांत तक्रार का जावी लागली? दरवर्षीचा ताळेबंद वेळेत तयार होऊन सभागृहात आला असता, तर बँकेतले व्यवहार आणि लाभार्थ्यांची यादी यांचा मेळ बसत नाही, हे ऑडिटरलाच आधी दिसलं असतं. पोलीस येतात तेव्हा पैसे गेलेले असतात. आणि त्याचा फटका बसतो तो बँकेत तारण ठेवायला काही नसलेल्या पोराला, ज्याला मंडप डेकोरेशनसाठी किंवा रिक्षासाठी कर्ज हवं असतं.

'स्मार्ट' कंपनीचं काय?

28 जानेवारी 2016 ला स्मार्ट सिटीची पहिली यादी आली, 20 शहरांची. सोलापूर नवव्या नंबरवर. तेव्हा मी शाळेत होते, एवढं आठवतं की गावात फटाके वाजले होते. योजनेची अट अशी होती की प्रत्येक शहरानं कंपनी काढायची, मालकी राज्य सरकार आणि महापालिकेची निम्मी निम्मी. केंद्राकडून शहराला पाच वर्षांत 500 कोटी, आणि तेवढेच राज्य आणि महापालिकेनं घालायचे.

कंपनी कशाला? उत्तर होतं, कामं पटापट व्हावीत म्हणून. यात तथ्य आहे. महापालिकेत एक फाइल किती टेबलं फिरते हे सोलापूरकरांना सांगायला नको. पण त्यात एक गोष्ट सुटली. महापालिकेच्या सभेत नगरसेवक उठून प्रश्न विचारू शकतो, पेपरवाले लिहू शकतात. कंपनीचे निर्णय संचालक मंडळात होतात, बंद दाराआड. त्यात मार्च 2022 नंतर कित्येक वर्षं महापालिकेवर प्रशासकच होता, म्हणजे विचारणारा नगरसेवकही नव्हता. 31 मार्च 2025 ला केंद्राची योजना संपली. योजना संपते, पण तिच्यातून उभ्या राहिलेल्या मालमत्ता, त्यांची देखभाल आणि ठेकेदारांची देणी संपत नाहीत.

"सगळं उघड केलं तर धंदा कसा करणार?" असं अधिकारी विचारतात. टेंडर उघडायच्या आधीचे दर गुप्त ठेवणं समजू शकतं. माहिती अधिकार कायदाही व्यापारी गुपिताला सूट देतो, फक्त मोठं जनहित असेल तर नाही. पण मागच्या वर्षी किती खर्च केला, हे कसलं गुपित?

मालकानं काय करायचं?

दोन गोष्टी, दोन्ही पिक्चरच्या तिकिटापेक्षा स्वस्त. पहिली, केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरले की कोणत्याही कंपनीनं दाखल केलेले ताळेबंद आणि ऑडिट रिपोर्ट बघता येतात. आकडे नंतर बघा. आधी बघा, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा आहे. तिथंच निम्मं उत्तर मिळतं. दुसरी, 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज. तीनच ओळी पुरेत: शेवटची वार्षिक सभा कधी झाली, ऑडिट कोणत्या वर्षापर्यंत पूर्ण आहे, आणि अहवाल विधिमंडळात कधी ठेवला. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

आम्ही वर्गात ठरवलंय, 30 सप्टेंबर उलटला की प्रत्येकानं एक सरकारी कंपनी घ्यायची आणि एक अर्ज टाकायचा. मागच्या बाकावरच्या त्या मित्रानं स्मार्ट सिटी घेतली. म्हणाला, "आमच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, तर निदान हिशेब तरी येऊ दे."