पावत्या फाटल्या, पण दहा माणसं कुठून आणायची?

यहुदी परंपरेत सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. याला मिन्यान म्हणतात. नऊच जमले तर प्रत्येकानं आपापली प्रार्थना म्हणावी; पण तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी कपाटातून काढून सर्वांसमोर विधिपूर्वक वाचता येत नाही, गेलेल्या माणसासाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणता येत नाही. दहावा माणूस आजारी असला, मुलाकडं गेला असला, की नऊ जण दाराकडं बघत बसतात. त्या रिकाम्या जागी लाख रुपयांचा चेक ठेवला तरी आकडा नऊच राहतो. मी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर केली. पैसा जिथं चालतच नाही असा हा व्यवहार मला म्हणूनच फार विचार करायला लावतो.

जिंतूरच्या माणसाला यहुद्यांचं काय पडलंय, असं कुणी विचारेल. खरंच आहे. परभणी जिल्ह्यात सिनेगॉग नाही. आमच्याकडं नेमगिरीची जैन लेणी आहेत, परभणीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो, गंगाखेडला जनाबाई आहेत, पाथरीला साईबाबांचा जन्म झाल्याची श्रद्धा आहे. यहुदी मात्र आम्हाला पेपरात भेटतात, तेही इस्राएलच्या लढाईच्या बातमीत. माझी लेक अलिबागला दिली आहे, जावई थळच्या खत कारखान्यात आहेत. त्यामुळं अलिबागच्या इस्राएल आळीत माझं जाणं-येणं झालं आणि तिथल्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये पाय ठेवता आला. 1848 साली उभं राहिलेलं, 1910 मध्ये पुन्हा बांधलेलं हे देऊळ. (मी देऊळ म्हणालो. पुण्यात तर यहुद्यांच्या लाल विटांच्या सिनेगॉगला अख्खं गाव ‘लाल देऊळ’च म्हणतं.)

मी गेलो तेव्हा एक वयस्कर गृहस्थ स्टुलावर उभे राहून छताला टांगलेले काचेचे दिवे पुसत होते. एकेक पेला काढायचा, जुनं तेल गाळून घ्यायचं, आतून मऊ फडकं फिरवायचं, खाली पाणी, वर खोबरेल, मग वात. मी खालून पेले हातात देऊ लागलो. ते कोकणातल्या कुठल्याही काकांसारखं बोलत होते.

“कुठले तुम्ही?”

“परभणीकडचे. जिंतूर.”

“म्हणजे पार मोगलाईतले! लांबून आलात.”

शनिवारी किती जण जमतात, असं मी विचारलं. “शनिवारचं विचारू नका,” ते म्हणाले. “सणाचं विचारा. सणाला ठाण्याहून येतात, पेण-पनवेलहून येतात. आधी आठ दिवस मी फोन लावत बसतो.” मग थोडं थांबून, “रंगाला पैसे मिळतात हो. रंग द्यायला कुणीही पैसे देतं.”

हे शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आलो, कारण मी आमच्या गावच्या सप्ताहाचा आणि एका वाचनालयाचा खजिनदार आहे आणि माझंही दुखणं तेच आहे.

अलिबागचे हे यहुदी म्हणजे बेने इस्राएल, आपलेच मराठी यहुदी. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. गावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, केहीमकर, राजपूरकर. शेकडो वर्षं त्यांच्याकडं ना सिनेगॉग होतं, ना शिकलेला धर्मगुरू. शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर ही जमात टिकली. इमारत नसताना टिकली, ही गोष्ट आज इमारतींसाठी देणग्या मागणाऱ्यांनी डोळ्यांपुढं ठेवावी.

मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली मांडवीत उभं राहिलं. बांधलं सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी; घरचं नाव सामाजी हसाजी. इंग्रजांच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि सुटकेबद्दल देवाचे आभार म्हणून पदरमोड करून सिनेगॉग बांधलं. एवढं केल्यावर कुणीही स्वस्थ बसला असता. पण नुसतं बांधून भागत नाही, आत तोरा लागते. ती मिळवायला दिवेकर स्वतः कोचीला गेले आणि 1797 मध्ये तिथंच वारले. देणगीदाराच्या नावाची पाटी सगळेच लावतात. मला दिवेकरांचा कोचीचा प्रवास मोठा वाटतो.

पुढं हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी 1875 साली मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढलं. हा काही सावकार नव्हता. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनकडून मदत मिळवली, इथून तिथून गोळा केलं, आणि वर आपल्या जमातीचा इतिहास लिहायला घेतला. तो 1897 साली पुरा झाला आणि छापला गेला 1937 साली, लेखक जाऊन जवळजवळ तीन दशकं झाल्यावर. शाळेला पुढं सर एली कदुरी यांचा पैसा मिळाला आणि त्यांचं नाव लागलं. पण ती शाळा खऱ्या अर्थानं उभी केली रिबेका रूबेन यांनी. 1922 पासून पाव शतकाहून जास्त काळ त्या तिथं मुख्याध्यापिका होत्या. याच जमातीतले जोसेफ इझिकेल राजपूरकर हिब्रू प्रार्थना मराठीत आणत बसले होते. 1880 च्या सुमारास काही हौशी मंडळींनी आपल्या हरदासांची कीर्तनं ऐकून कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं मराठी साक्या-दिंड्यांत गायली. माझ्यासारख्या वारकरी घरातल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल!

एकोणिसाव्या शतकात दुसरे यहुदी मुंबईत आले, बगदादचे. त्यांचे म्होरके डेव्हिड ससून. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टातलं 1884 चं केनेसेथ एलियाहू, पुण्याचं ओहेल डेव्हिड, पुण्याचं ससून हॉस्पिटल, मुंबईची डेव्हिड ससून लायब्ररी. दानाचं एवढं मोठं काम महाराष्ट्रात फार थोड्या घराण्यांनी केलं, आणि त्यातलं बरंचसं जातधर्म न बघता केलं. आमच्या मराठवाड्यातलेही किती रुग्ण आजवर ससूनला नेले गेले, त्याची मोजदाद नाही. पण ते घराणं हळूहळू इंग्लंडला गेलं, बाकीचे बगदादी यहुदीही पांगले. ससूनांनी बांधलेल्या सिनेगॉगमध्ये आज प्रार्थनेला जे उभे राहतात, ते बहुतेक कोकणातल्या शनवार तेल्यांचे वंशज आहेत.

माझा सगळा मुद्दा या एका घटनेत आहे. कुणी म्हणेल, बेने इस्राएल मुळातच जास्त होते, म्हणून उरले. तेही खरं. पण ज्यांनी चेक दिले त्यांच्या इमारती उरल्या आणि ज्यांनी शनिवार दिले त्यांची माणसं उरली, हे मला नुसत्या संख्येनं उलगडत नाही.

1948 नंतर बेने इस्राएलही मोठ्या संख्येनं इस्राएलला गेले. गेले ते मराठीसकट गेले; तिथं नोहा मस्सील यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आज अख्ख्या भारतात यहुदी उरलेत ते साधारण पाच हजार, त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. जिंतूर तालुक्यातली दोन-तीन गावं एकत्र केली तर तेवढी माणसं भरतील. 2016 साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं झालं, दाखले, शिष्यवृत्त्या सोप्या होतील. पण सरकारी ठरावानं दहावा माणूस येत नाही.

पैशाचं म्हणाल तर तो अगदीच मिळत नाही असं नाही. केनेसेथ एलियाहूचा जीर्णोद्धार 2019 मध्ये पुरा झाला. त्याला जिंदाल घराण्याच्या उद्योगाचा हातभार होता, जागतिक वारसा जपणाऱ्या संस्थेचाही. निळा-पांढरा रंग, रंगीत काचा, सगळं लखलखीत. शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या देवळाला मदत करावी, ही आपली रीतच आहे. पण शेजाऱ्यानं कितीही दिलं तरी तो दहांत मोजला जात नाही.

आता आमच्या सप्ताहाकडं येतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीवर टेकत नाही. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात, रात्री दोनलासुद्धा. त्यासाठी पहाऱ्याची यादी लागते. पूर्वी यादीत नाव मिळावं म्हणून भांडणं व्हायची. आता पोरं चाकणला, हिंजवडीला आहेत. वाईट नाहीत, फोन केला की पाच मिनिटांत फोनपेवर पाच हजार पाठवतात. काल्याची पंगत पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे, बुंदी आहे, मंडप वॉटरप्रूफ आहे. आणि पहाटेच्या पहाऱ्याला तीच चार म्हातारी माणसं आलटून पालटून उभी राहतात. एका वर्षी कुणीतरी सुचवलं, पहाऱ्याला मजुरीनं माणसं लावू. मी खजिनदार असून त्या खर्चाला नकार दिला. काही लोक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

संस्था कागदावर कशी मरते, हेही मी जवळून पाहिलं आहे. आपल्याकडं मंदिर, सिनेगॉग, वाचनालय सगळे एकाच 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येतात. विश्वस्त वारला किंवा बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. कंटाळा म्हणून तो राहतो. मग दहा वर्षांनी बघावं तर पीटीआरवर, म्हणजे विश्वस्त संस्थांच्या सरकारी नोंदवहीवर, सगळी स्वर्गवासी मंडळी, खात्यावर सहीचा अधिकार कुणाला नाही, आणि जमिनीवर कुणीतरी पत्रे ठोकलेले. पैसे खात्यात असतात! आमच्या वाचनालयाचे दोन विश्वस्त पुण्याला, एक बंगळुरूला. सभेची गणपूर्ती व्हावी म्हणून मी लग्नसराई गाठतो, कारण तेव्हाच सगळे गावात असतात. कोकणातली छोटी सिनेगॉगं आणि कबरस्तानं याच कायद्यात आणि याच अडचणीत आहेत. तिथं पहिली गरज रंगाची नसून, महिन्यातून एक दिवस फाईल घेऊन अलिबागला किंवा ठाण्याला जाणाऱ्या तिशीतल्या माणसाची आहे.

म्हणून ज्यू तरुणांना मी म्हणेन की देणगीबरोबर एक काम अंगावर घ्या, आणि ते छोटं व कंटाळवाणं असू द्या. चार पोरांना हिब्रू वाचायला शिकवणं. म्हाताऱ्यांना शनिवारी घरून आणणं किंवा शुक्रवारीच जवळ राहायला बोलावणं, जसं ज्याच्या रिवाजात बसेल तसं. सभेचं इतिवृत्त लिहिणं. मलिद्याचे पोहे भिजवायला, नारळ खोवायला आजीच्या शेजारी बसणं, कारण एलियाहू हन्नाबीच्या नावानं होणारा तो विधी बेने इस्राएलांचा खास आहे आणि तो पुस्तकात बघून जमणारा नाही. बायकांना दहांत मोजावं का, हा त्यांचा घरचा प्रश्न आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मध्येच मुंबईत सुधारणावादी ज्यूंची संघटना उभी करून आपल्यापुरतं उत्तर दिलं होतं. मी बाहेरचा, त्यात बोलत नाही. एवढंच म्हणतो की सप्ताहात आम्ही बायकांना पहारा दिला आणि वीणा खाली आली नाही.

इतरांसाठीही काम आहे. रायगड जिल्ह्यातल्या ज्या गावात यहुदी कबरस्तान आहे आणि यहुदी उरले नाहीत, तिथल्या ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा झाडझूड करावी आणि सातबाऱ्यावर लक्ष ठेवावं. याला निधी लागत नाही. शाळेची पोरं आणि एक ग्रामसेवक पुरे.

यहुदी नववर्षापासूनचे मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, साधारण आपल्या पितृपक्ष-नवरात्राच्या आगेमागे. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या ज्या पेणकर, रोहेकर, चेऊलकरांना आपलं गाव आडनावापुरतंच माहीत आहे, त्यांनी यंदा एक सण कोकणातल्या एखाद्या छोट्या सिनेगॉगमध्ये करावा. जाण्याआधी तिथल्या काकांना फोन करून सांगावं, म्हणजे त्यांचा एक फोन वाचेल. देणगी नंतर सवडीनं पाठवली तरी चालेल.