कागदी घोडे आणि शाळेची मुले

हुबळी म्हटली की आमच्या जुन्या मराठी कुटुंबांना गंगूबाई हनगल आठवाव्यात, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच शहरातील कोप्पीकर रोडसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेतून शाळेची मुले घरी जातात, तेव्हा त्यांच्या सुखरूपतेची जबाबदारी कोणावर, हा प्रश्नही तितक्याच आस्थेने विचारावयास हवा.

कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत शाळेची बस यमुनेत कोसळून 28 मुले दगावली. त्या वर्षअखेर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसला ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा, अनुभवी चालक आणि सोबत जबाबदार माणूस असावा, असे बजावले. महाराष्ट्राने 2011 साली व कर्नाटकाने 2012 साली स्वतंत्र नियम केले. तरीही जून 2016 मध्ये कुंदापूरजवळ त्रासी येथे शाळेची व्हॅन बसवर आदळून 8 मुले गेली, आणि जानेवारी 2018 मध्ये इंदूरला शाळेच्या बसच्या अपघातात 4 मुले व चालक मृत्युमुखी पडले.

उणीव नियमांची नव्हे, देखरेखीची आहे. वाहनाची योग्यता वर्षा-दोन वर्षांतून एकदा तपासली जाते; मूल मात्र त्यातून रोज दोनदा जाते. प्रमाणपत्र कचेरीत मिळते, गर्दी रस्त्यावर होते. अपघात झाला की चार दिवस रिक्षा अडवावयाच्या व पाचव्या दिवशी सोडून द्यावयाच्या, ही वरातीमागून घोडे नेण्याची तऱ्हा झाली. शिवाय नुसत्या जप्तीने गरीब आईबापांची अडचण तेवढी वाढते. त्यांना दुसरे वाहन परवडत नाही.

म्हणून परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनी शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभे राहून डोकी मोजावीत. प्रत्येक वाहनाचा क्रमांक, आसनसंख्या व प्रमाणपत्राची मुदत शाळेने फलकावर लावावी, म्हणजे कोणाही पालकास ती वाचता येईल. आणि जेथे शाळेची बस पोचत नाही, तेथे शाळेच्या वेळेला शहर बस सोडण्याची तजवीज सरकारने करावी.

पालकांनाही एक सांगणे आहे. दाटीवाटीने भरलेल्या रिक्षात आपले मूल आपणच बसवावयाचे व मग सरकारला बोल लावावयाचा, हे शोभत नाही. पण म्हणून सरकार सुटत नाही. मुलाला शाळेत धाडा, असे कायद्याने सांगणाऱ्या सरकारने ते सुखरूप घरी परतेल, हेही पाहिलेच पाहिजे.