वकील पहिल्याच दिवशी हवा

टेंभुर्णीत राहून मी जाफराबादच्या कोर्टात वकिली करते. माझ्याकडे येतात ती बांधाची, वाटणीची, पोटगीची प्रकरणं. पण शेतात काही उरत नाही म्हणून काही पोरं आखाताची वाट धरतात, आणि त्यांच्या पाठोपाठ निराळेच कागद माझ्या टेबलावर येऊन पडतात.

गावातल्या एक मावशी आल्या होत्या. मुलगा दहावी नापास, म्हणून पासपोर्ट ईसीआरचा. अशा मुलाला आखातात कामाला जायचं तर परदेशगमन संरक्षकांची मंजुरी लागते. ती टाळण्यासाठी एजंटानं त्याला व्हिजिट व्हिसावर पाठवलं. व्याजानं काढलेले दोन लाख घेतले. तिकडे मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला आणि पगार थकवला. मावशींनी बसायच्या आधी विचारलं, "ताई, तुमची फी किती होईल?"

दूतावासाकडे तक्रार गेली, 'मदद' पोर्टलवर नोंद झाली. अडकलेल्या भारतीयांच्या वकिलाचा खर्च दूतावासाला समुदाय कल्याण निधीतून करता येतो, ही सोय 2009 पासून आहे. पण हेच कागद विमानात बसण्याआधी कुणी जाणत्यानं पाहिले असते तर? एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. त्याला सेवाशुल्क म्हणून 30 हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. व्हिसा कोणता, हे त्या कागदावरच छापलेलं असतं. दहा मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी एका घरावर दोन लाखांचं कर्ज चढलं, याचा मला आजही संताप येतो.

मोफत वकिलाचा कायदा आपल्याकडे 1987 सालीच झाला. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कारखान्यातले कामगार, कोठडीत असलेला कुणीही, आणि महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेला माणूस, या सगळ्यांना तो मिळतो. त्यात नागरिकत्वाची अट नाही. 26/11 खटल्यातल्या कसाबलाही या देशानं वकील दिला, आणि 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतानाच वकील द्यायला हवा.

हे सांगते, कारण जालन्याच्या स्टील कारखान्यांत परप्रांतांतले मजूर राबतात. बंगाली बोलणाऱ्या मजुराच्या नागरिकत्वावर उद्या संशय आला तर? परकीय नसल्याचं सिद्ध करायचा भार त्याच्यावरच पडतो. 1946 च्या कायद्यात तसंच होतं, 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसंच आहे. जन्मदाखला मुर्शिदाबादेत, आणि माणूस इथल्या पोलीस ठाण्यात. जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले. भारतीय असल्याचं कळल्यावर त्यांना परत आणावं लागलं. ठाण्यात पहिल्या दिवशी एखादा वकील बसला असता तर त्यानं आधी गावाकडे फोन लावला असता. आणि माणूस खरोखरच परका निघाला, जीव वाचवायला पळून आलेला निघाला, तरी आपल्याकडे आश्रयाचा कायदाच नाही. त्याच्या बाजूनं चार शब्द बोलणाऱ्याची गरज तर आणखीच मोठी.

रियाधमधल्या आपल्या पोराला कुणीतरी त्याची भाषा समजणारा वकील भेटावा असं आपल्याला वाटतं. केरळ सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेनं आखाती देशांत आपल्या माणसांसाठी कायदा सल्लागार नेमले आहेत. तसे ते मराठवाड्यातल्या पोरांनाही मिळावेत. आणि जालन्यात अडकलेल्या परक्या पोराला आपण वकील द्यावा.

माझी मागणी जालना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. नागरिकत्वाचा प्रश्न निघताच ठाण्यातून पॅनलवरच्या वकिलाला फोन जावा, तसा लेखी नियम व्हावा. त्या वकिलाला या कायद्यांचं प्रशिक्षण आणि वेळेवर मानधन मिळावं. आणि आठवड्यातून एकदा त्यानं टेंभुर्णीच्या ग्रामपंचायतीत बसून परदेशी निघालेल्यांचे कागद तपासावेत. मोफत मदतीसाठी 15100 हा क्रमांक आहेच. हे सुरू होईपर्यंत, एजंटाला पैसे देण्याआधी व्हिसाचा कागद माझ्याकडे आणा. तो वाचून द्यायचे मी पैसे घेत नाही.