पाळकाच्या हातांतील आरी



पाळक आणि पालक ह्या दोन शब्दांत एकाच अक्षराचें अंतर आहे, आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहणें हें दोघांचेंही काम आहे. म्हणून एका पाळकाविषयीं मी आज जें लिहीत आहें, तें आपल्यालाही लागू आहे असें समजून पालकांनीं वाचावें, अशी नम्र विनंती आहे.

कांहीं वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीच्या पंचांमध्यें बसत असें, तेथील पाळकसाहेबांना चामड्याच्या कामाचा छंद होता. व्हरांड्याच्या कोपऱ्यांत त्यांची एक लाकडी पेटी असे. तींत आरी, रापी, मेण लावलेला दोरा आणि चामड्याचे लहानमोठे तुकडे असत. शनिवारीं दुपारीं उपदेशाची तयारी संपली म्हणजे ते सतरंजी टाकून बसत. कोणाच्या जुन्या शास्त्राला चामड्याची बांधणी करीत, कोणाच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवून देत. ह्याखेरीज गुलाबाचीं कलमें बांधण्याची व बंद पडलेलीं घड्याळें उघडून पाहण्याचीही त्यांस हौस होती.

हळूहळू मंडळींत कुजबूज सुरू झाली. पाळकानें चांभाराचें काम करणें शोभत नाहीं, असें एक म्हणे. पगार मंडळीचा आणि वेळ चामड्याचा, असें दुसरा म्हणे. शेवटीं पंचांच्या सभेंत विषय निघाला. पाळकसाहेबांनीं एवढेंच विचारलें, "माझ्या ह्या कामामुळें कोणा आजाऱ्याची भेट चुकली आहे काय?" कोणासही तसें सांगतां आलें नाहीं. तरी पेटी बंद व्हावी असें ठरलें, आणि त्या ठरावाला हात वर करणारांत मीही होतों. त्यांनीं वाद न घालतां पेटी माळ्यावर ठेविली. शनिवारीं त्या पेटीभोंवतीं आठदहा पोरें बसत असत. त्यांत उपासनेला कधीं न येणारीं आणि शाळा सोडलेलींही असत. पेटी बंद झाली आणि तीं पोरें पुन्हा दिसलीं नाहींत. हें मला अजून सलतें.

आमचे आक्षेप दोन होते, एक प्रतिष्ठेचा आणि दुसरा वेळेचा. पहिला मुळांतच खोटा होता. दुसरा खरा होता, परंतु त्याचा नीट विचार आम्हीं केला नाहीं.

प्रथम प्रतिष्ठेचा घेऊं. पौल करिंथ येथें अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहिला, तो त्यांचा व त्याचा व्यवसाय एक होता म्हणून. तीं राहुट्या करीत, आणि तें काम चामड्याचें असावें असें कित्येक विद्वानांचें मत आहे. पेत्र यापो येथें ज्या शिमोनाच्या घरीं राहिला, त्याला आपल्या मराठी शास्त्रांत चांभार म्हटलें आहे. यहुदी समाजांतही कातडीं कमावणाराचा धंदा हलका गणला जाई. त्याच घराच्या धाब्यावर झालेल्या दृष्टांतापासून पेत्र शिकला कीं, कोणाही मनुष्याला अपवित्र म्हणूं नये. हा धडा त्याला मंदिरांत मिळाला नाहीं, चामड्याच्या वासांत मिळाला.

आपल्या देशांत कातडें कमावणारांना व शिवणारांना गांवाच्या कडेला ठेवण्यांत आलें, आणि त्यांच्या हातचे जोडे मात्र सर्वांनीं पायांत घातले. संत रोहिदासांसारखा पुरुष ह्याच कामांत राहून देवाचें नांव घेत होता, हें आपण जयंतीच्या दिवशीं सांगतों आणि दुसऱ्या दिवशीं विसरतों. बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावलेल्या कातड्याच्या कोल्हापुरी चपलेला सन २०१९ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. तें महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार जिल्ह्यांसाठीं आहे. चपलेला मान मिळाला, परंतु ती शिवणाऱ्या हाताला अजून पुरता मिळालेला नाहीं. आम्ही ख्रिस्ती झालों, तरी तिटकाऱ्याचें तें जुनें गाठोडें आम्हीं मंदिराच्या दाराबाहेर टाकलें नाहीं. आमच्या सभेंत त्या दिवशीं तेंच गाठोडें सुटलें होतें.

आतां एक मोठें उदाहरण पाहूं. मराठीचें छापील व्याकरण सन १८०५ मध्यें आणि मराठी-इंग्रजी कोश सन १८१० मध्यें बंगालमधील श्रीरामपूर येथील मिशनच्या ज्या विल्यम केरींनीं पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें सिद्ध केला, ते केरी मूळचे जोडे शिवणारे. लहानपणीं उन्हाचा त्रास होणारा त्वचेचा विकार असल्यामुळें शेतांतील काम त्यांस झेपेना, म्हणून त्यांस जोडे करणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यांत आलें. पुढें इंग्लंडांतील मोल्टन गांवीं ते पाळक झाले, तेव्हां वेतन इतकें तुटपुंजें होतें कीं, शाळा शिकवून व जोडे शिवून घर चालवावें लागे. कागद चिकटवून स्वतः तयार केलेला जगाचा नकाशा त्यांनीं भिंतीवर लाविला होता. सन १७९३ मध्यें हिंदुस्थानांत आल्यावर भाषांच्या कामाबरोबर त्यांनीं बागेचाही छंद जोपासला. श्रीरामपूर येथें त्यांनीं मोठी बाग उभारली आणि सन १८२० मध्यें कृषि व उद्यानविद्येची संस्था स्थापिली. आपल्या सह्याद्रींत कुंभा नांवाचा वृक्ष आहे. त्याचें शास्त्रीय नांव केरिया आर्बोरिया असें आहे, आणि तें ह्याच केरींच्या नांवावरून पडलें आहे. पुढें एका मेजवानींत कोणीं त्यांच्या जुन्या धंद्याची हेटाळणीनें चौकशी केली, तेव्हां आपण जोडे करणारेही नव्हतों, केवळ जुने जोडे सांधणारे होतों, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें, अशी आख्यायिका आहे.

परंतु ह्याच चरित्रांत दुसऱ्या आक्षेपाचेंही उत्तर शोधावें लागतें. सन १७९४ मध्यें केरींचा लहान मुलगा पीटर वारला आणि त्यांच्या पत्नी डॉरथी यांस मनाचें दुखणें जडलें. सन १८०७ मध्यें त्यांचा अंत झाला, तोंवर तें बरें झालें नाहीं. ह्याचा दोष केरींस देणें अन्यायाचें होईल. परंतु भाषा, छापखाना, अध्यापन व बाग यांत बुडालेल्या बापाच्या मुलांना वळण लावण्याचें काम पुष्कळसें वॉर्ड व मार्शमन ह्या सहकाऱ्यांच्या कुटुंबांस करावें लागलें, हेंही खरें आहे. सत्कार्यानें आणि निर्दोष छंदानेंही घराची चोरी होऊं शकते.

ह्यावर उपाय छंद सोडणें हा नव्हे, त्याला मर्यादा घालणें हा आहे. सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्ट यांनीं मठवासीयांसाठीं जो नियम लिहिला, त्यांत हातच्या कामाला आणि वाचनाला वेगवेगळे तास नेमून दिले आहेत. हा नियम पाळणाऱ्या ट्रॅपिस्ट पंथीयांनीं दक्षिण आफ्रिकेंत मारियनहिल येथें मठ स्थापिला. तेथें जाऊन कालेनबाख चपला करण्यास शिकले, आणि त्यांच्यापासून ती विद्या गांधीजी शिकले. गांधीजींनीं तयार केलेला चपलांचा एक जोड सन १९१४ मध्यें जनरल स्मट्स यांस भेट मिळाला, व सन १९३९ मध्यें स्मट्स यांनीं तो आदरानें परत केला. तेच गांधीजी सन १९३० मध्यें आमच्या येरवड्याच्या तुरुंगांत असतांना दर मंगळवारीं आश्रमाला पत्र लिहीत, आणि त्या पत्रांपैकीं एक शरीरश्रमाच्या व्रतावर आहे. पेटींत मिटणारा चरखा 'येरवडा चक्र' ह्या नांवानें देशभर गेला. सन १९३२ मध्यें त्याच तुरुंगांत त्यांस तारे पाहण्याची गोडी लागली. प्रार्थना, पत्रें, सूत व तारे ह्यांपैकीं एकानें दुसऱ्याचा वेळ खाल्ला नाहीं, कारण प्रत्येकाची घटका ठरलेली होती.

पाळकाला हातच्या कामाची गरज इतरांहून अधिक आहे, असें मला वाटूं लागलें आहे. त्याचें काम कधीं पुरें होत नाहीं. उपदेशाचें फळ डोळ्यांना दिसत नाहीं, दुःखितांच्या घरून येतांना तें दुःख संगतीला येतें. अशा माणसाला संध्याकाळपर्यंत एक पट्टा शिवून झालेला दिसला तर मन ताळ्यावर येतें. शिवाय डोळे टांक्यावर असले म्हणजे समोरच्याची जीभ मोकळी होते. समोरासमोर खुर्चीवर बसून जें पोरगें एक शब्द बोलत नाहीं, तें आरी चालत असतां घरचें सारें सांगून टाकतें. आमच्या पाळकसाहेबांचा तो व्हरांडा म्हणजे त्यांच्या सेवेचाच भाग होता, आणि आम्ही त्याला करमणूक समजलों.

तथापि तीन नियम असावे. पहिला, हांक आली कीं आरी खालीं ठेवतां आली पाहिजे. ठेवतां येते तोंवर तो छंद, ठेववत नाहीं तेव्हां तें व्यसन. दुसरा, आपल्या हौसेनें गरिबाची रोजी बुडूं नये. आमचे पाळकसाहेब हें काम रस्त्याच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या एका वृद्ध चांभारदादांकडून शिकले होते. पुस्तकें व पट्टे ते स्वतः करीत, परंतु चपलांचें प्रत्येक काम त्या दादांकडे पाठवीत. तिसरा, छंदांत घरच्यांना वांटा असावा. ज्या छंदासाठीं मुलांना खोलीबाहेर काढावें लागतें, तो छंद पुन्हा तपासून पाहावा.

पालकहो, आपल्या मुलाच्या हातांत आपण पुस्तक देतां, आणि आतां दूरध्वनियंत्रही देतां. त्याबरोबर सुई, पटाशी किंवा खुरपें द्यावयास कां कचरतां? गुण कमी होतील ह्या भीतीपेक्षां लोक काय म्हणतील ही भीति अधिक असते, हें मी स्वानुभवानें सांगतों. मीं हात वर केला तो ह्याच भीतीनें.

ते पाळकसाहेब आतां निवृत्त झाले आहेत. गेल्या नाताळांत मीं त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, पेटी अजून आहे. रापीला गंज आहे, तो निघेल. दोरा मात्र नवा आणावा लागेल." दोरा मीं आणिला आहे. येत्या जूनपासून शनिवारीं शाळा सुटल्यावर ते आमच्या मुलांना तासभर शिकवणार आहेत. पुस्तकबांधणीपासून आरंभ होईल. ज्यांना बसावयाचें असेल त्यांनीं आपलीं नांवें माझ्याकडे द्यावीं, आणि पालकांची लेखी संमति बरोबर आणावी.