मालक कोण?

मलकापूरच्या टायपिंग क्लासमध्ये मी मराठी टंकलेखन शिकलो. खटखटणारी यंत्रे जाऊन संगणक आले, पण आमच्या बोटांखालची अक्षरांची मांडणी 'रेमिंग्टन'चीच राहिली. हे नाव मुळात बंदुका करणाऱ्यांचे आहे, हे मला फार उशिरा कळले. न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावी १८१६ साली हा व्यवसाय सुरू झाला. टंकलेखन यंत्रे १८७३ ची.

२००७ मध्ये ही कंपनी सर्बेरस कॅपिटल मॅनेजमेंट या प्रायव्हेट इक्विटी संस्थेने घेतली. अशा संस्थांची रीत ठरलेली. लोकांचा पैसा गोळा करायचा, कारखाने विकत घ्यायचे, कर्जाचा बोजा कारखान्यावरच टाकायचा आणि काही वर्षांत नफा घेऊन बाहेर पडायचे. बुशमास्टर ही रायफलची कंपनी त्यांनी आदल्याच वर्षी घेतली होती. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हुक येथील प्राथमिक शाळेत एका तरुणाने बुशमास्टर रायफलने वीस बालके आणि सहा मोठी माणसे मारली.

आणि सर्बेरसकडे पैसा कोणाचा होता? इतरांबरोबर कॅलिफोर्नियातील शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचाही! मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या त्या गुरुजनांना याची कितपत कल्पना असेल?

निधीने जाब विचारताच सर्बेरसने बंदुकांचा धंदा विकायला काढला. पण विक्री काही झाली नाही. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. २०२२ मध्ये नऊ कुटुंबांना ७ कोटी ३० लाख डॉलर मिळाले, तेही विमा कंपन्यांकडून. मार्च २०२४ मध्ये नव्या मालकांनी इलियनचा कारखाना बंद केला. कामगार घरी बसले, जुने मालक मात्र नामानिराळे!

कोणी म्हणेल, गोळी झाडणारा दोषी, भांडवलाचा काय अपराध? मला हे पटत नाही. नफ्यात ज्याचा वाटा, त्याचा जबाबदारीतही वाटा हवा.

मलकापूरहून भुसावळला जाताना वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना लागतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले, त्यात तोही आला. त्या कंपन्यांची मालकी सरकारकडेच ठेवली गेली. म्हणजे जाब विचारायला निदान एक दार आहे. ते दार बंद होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

माझे वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. नेमणूक २००५ नंतरची, म्हणून त्यांच्या पगारातून दरमहा कपात होते आणि तिचा काही भाग शेअर बाजारात जातो. मार्च २०२३ च्या संपात जुन्या पेन्शनसाठी तेही मोर्चात होते. परवा मी विचारले, "बाबा, तुमचा पैसा कोणत्या कंपन्यांत आहे?"

ते हसले. "महिन्याला कापतात, एवढं ठाऊक आहे बघ."

मित्रहो, कॅलिफोर्नियाचे गुरुजीही कदाचित असेच हसले असते. आपण तरी विचारायला शिकू या.