गूळ नाही म्हणजे काय?

कोपरगावात लहानपणी आई मला वाण्याकडे गूळ आणायला धाडी. मी रिकाम्या हातानं परत येई आणि म्हणे, "नाही." की आईचं पित्त खवळलंच! "नाही म्हणजे काय रे मेल्या? गूळ संपला, दुकान बंद आहे, की वाटेत गोट्या खेळत बसलास?" एका 'नाही'च्या पोटात तीन निरोप होते, आणि तिसरा मला पोचवायचाच नव्हता.

पुढे मी प्रोग्रॅमर झालो, म्हणजे इतरांना गूळ आणायला धाडू लागलो. प्रोग्रॅममध्ये एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं, काम सांगतं आणि दाराकडे डोळे लावून बसतं. गेलेला परत येऊन काय सांगतो, त्यावर पुढचा सगळा संसार. आणि नेमकी इथंच आमची जमात गोट्या खेळते.

सी भाषेतलं 'एटॉय' घ्या. अक्षरांतून आकडा काढून देणं हे त्याचं काम. त्याला '०' द्या, शून्य परत येतं. 'गूळ' द्या, तरी शून्यच! खरं शून्य कुठलं आणि "मला काही कळलं नाही बुवा" हे शून्य कुठलं, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आमचे मित्र म्हणतात, "पण सुटसुटीत आहे हो!" असेल. जाणाऱ्याला सुटसुटीत, धाडणाऱ्याच्या जिवाला घोर.

मागे माझ्या मावशीच्या पासबुकावर शिल्लक शून्य छापून आली. जन्मभर शिवणकाम करून साठवलेला पैसा. ती तिथंच मटकन खाली बसली. दोन दिवसांनी उलगडा झाला, की पैसे जागच्या जागी आहेत. प्रोग्रॅमला खातं सापडलं नव्हतं, एवढंच. 'सापडलं नाही' म्हणायच्या ऐवजी तो 'शून्य' म्हणाला. मावशीच्या त्या दोन रात्री कुणी कुठल्या खात्यात जमा करायच्या?

थोरामोठ्यांच्या घरीही हेच. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत फुटलं. एक आकडा ठरलेल्या जागेत मावेना, म्हणून दिशा सांगणारा संगणक बंद पडला. पडता पडता त्यानं आपल्या दुखण्याचा कागद धाडला. मुख्य संगणकानं तोच दिशेचा आकडा समजून वाचला आणि रॉकेट वाकडं वळवलं!

आमच्या बेटात शुक्राचार्यांचं देऊळ आहे. देवांनी कचाला संजीवनी विद्या आणायला धाडलं ते इथंच, अशी आमची श्रद्धा. पठ्ठ्या विद्या घेऊन निघाला, शिवाय ती त्याला स्वतःला फळणार नाही हा देवयानीचा शापही. विद्या ती विद्या, शाप तो शाप. दोन्हींची खिचडी नाही. २००९ साली आलेल्या गो भाषेत हीच सोय आहे: उत्तर वेगळं, चूक वेगळी. तर आमचे शहाणे चुकीच्या जागी एक आडवी रेघ ओढतात आणि ती न वाचताच टाकून देतात!

आईनं मला शेवटी नियम घालून दिला होता. "मिळाला तर गूळ आण. नाही मिळाला तर का नाही ते सांग. दोन्ही जमत नसेल तर घरी येऊ नकोस." त्या माउलीनं संगणक कधी पाहिला नव्हता. आम्ही रोज पाहतो.